उन्हाळी सहलीआधी गाडीची नाडीपरीक्षा

शाळांच्या परीक्षा आटोपतात, बाजारात हापूसच्या पेट्या दिसू लागतात आणि मुंबई-पुण्याच्या घराघरांतून एकच बेत शिजू लागतो : गाडी काढायची आणि कुठेतरी जाऊन यायचे. मुंबईकरांच्या अशा बेतांत मावळातील शिरगावचे नाव बरेचदा असते. सोमाटणे फाट्यावरून आत वळले की थोड्याच अंतरावर असलेले हे गाव साईबाबांच्या मंदिरामुळे 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखले जाते. पहाटे निघायचे, दर्शन घ्यायचे, परतताना लोणावळ्यात थांबून चिक्की घ्यायची आणि रात्री घरी. एका दिवसाचा, सर्वांना परवडणारा आणि आजी-आजोबांनाही झेपणारा असा हा कार्यक्रम.

या प्रवासासाठी आपण तयारी तरी काय करतो? आदल्या रात्री पेट्रोल भरतो, काचा पुसतो, डिकीत खाण्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतो. गाडी रोज ऑफिसला जाते, रोज सुरू होते, म्हणजे ती ठणठणीत आहे, असे आपण गृहीत धरतो. नेमकी येथेच गफलत होते. शहरात रोज दहा-पंधरा किलोमीटर रडतखडत चालणारी गाडी आणि भर उन्हात लांबचा पल्ला गाठायला लायक असलेली गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातील वाहतुकीत टायर फारसे तापत नाहीत, इंजिनाला मोठा चढ चढावा लागत नाही आणि ब्रेक सलग दहा मिनिटे राबत नाहीत. त्यामुळे गाडीतील दुखणी झाकली जातात. ती उघडी पडतात ती उन्हाळ्यात, महामार्गावर आणि बहुधा घरची सगळी माणसे गाडीत असताना.

शिरगावची वाट या दृष्टीने मोठी बोलकी आहे. कळंबोलीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा सपाट काँक्रीटचा रस्ता टायरची परीक्षा घेतो. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा चढ इंजिनाच्या शीतकरणाची परीक्षा घेतो. शिरगावात तीन-चार तास उन्हात उभे राहणे ही बॅटरीची परीक्षा आणि परतीचा घाटाचा उतार ही ब्रेकची परीक्षा. या चारही परीक्षांचा अभ्यास घरीच करून निघावे, हे बरे.

सपाट रस्ता : टायरची परीक्षा

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. सुमारे ९४ किलोमीटरच्या या रस्त्याने दोन शहरांमधील अंतर काही तासांवर आणले. पण त्याची किंमतही मोठी होती. एकट्या २०१६ या वर्षात या रस्त्यावर १५१ जणांनी प्राण गमावले. त्यानंतर अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याची मोहीम हाती घेतली गेली, रस्त्याच्या रचनेत अनेक सुधारणा झाल्या, वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे बसले. रस्ता सुधारता येतो, तो सुधारलाही जात आहे. पण आपल्या गाडीचे टायर कोणत्या अवस्थेत आहेत, हे रस्ता बांधणाऱ्यांच्या हातात नाही.

'काँक्रीटच्या रस्त्यावर टायर फुटतात' हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखे रूढ झाले आहे. त्यात तथ्य थोडे आणि गैरसमज जास्त. फिकट रंगाचे काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा उन्हाची उष्णता कमीच शोषते. टायर तापतो तो मुख्यतः स्वतःच्या दुमडण्याने. जमिनीला टेकणारा टायरचा भाग दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा सरळ होतो. एखादी तार सतत वाकवून सरळ केली की ती जशी गरम होते, तसेच रबराचे होते. मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेते. द्रुतगती मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो ते सुमारे पन्नास हजार वेळा फिरलेले असते. शहरात सिग्नल, खड्डे आणि गर्दी यांमुळे टायरला मधूनमधून उसंत मिळते. द्रुतगती मार्गावर ती मिळत नाही. दोष काँक्रीटचा कमी आणि न थांबणाऱ्या वेगाचा जास्त असतो.

आता दुसरा आणि अधिक घातक गैरसमज. 'उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून टायरमध्ये थोडी कमीच हवा ठेवा,' असा सल्ला पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या आवारात आणि नातेवाइकांकडून हमखास मिळतो. तो ऐकू नये. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक दुमडतो आणि म्हणून अधिक तापतो. टायरच्या बाजूच्या भिंतीतील रबर आणि धागे यांची पकड त्या उष्णतेने सुटू लागते आणि टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा. हवा तापल्यावर दाब वाढतो हे खरे. थंड असताना ३३ पीएसआय असलेला टायर तीसेक अंशांनी तापला की दाब साधारण ३७-३८ वर जातो. पण टायर तयार करणाऱ्यांनी आणि मोटार कंपनीने ही वाढ हिशेबात धरूनच दाबाचा आकडा ठरवलेला असतो.

तो आकडा कोणता, हे शोधायला लांब जायला नको. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की चौकटीवर किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत एक लहान पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात : एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघणाऱ्यांनी दुसरा आकडा पाळावा. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी घराजवळच्या पंपावर तपासावी. अर्धा प्रवास झाल्यावर फूड मॉलजवळ दाब तपासून 'जास्त झाली' म्हणून तापलेल्या टायरमधली हवा सोडणे ही चूक आहे. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते. नायट्रोजन भरण्याविषयी बरेच बोलले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासायची गरज संपत नाही.

दाबानंतर टायरचे वय आणि झीज. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी कमी चालली म्हणून टायर तरुण राहत नाही. ऊन, ओझोन आणि काळ रबराला कडक करतात. पाच-सहा वर्षे उलटलेल्या टायरला बाजूने बारीक भेगा दिसत असतील, तर खाचा कितीही खोल असोत, तो बदलावा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानेही बाद ठरतो. खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की निर्णय झालाच. बाजूच्या भिंतीवर कोठे फुगवटा आला असेल, तर ती गाडी प्रवासाला काढूच नये. खड्ड्यात आपटून आतील धागे तुटल्याची ती खूण असते.

दोनच नवे टायर घ्यायचे झाले, तर ते पुढे बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. जाणकार मात्र नवे टायर मागे बसवायला सांगतात. पुढचे चाक घसरले तर गाडी निदान सरळ जात राहते आणि वेग कमी केला की सावरता येते. मागची चाके घसरली की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. स्टेपनी हा तर सर्वांत दुर्लक्षित टायर. वर्षभर डिकीत पडून तिच्यातली हवा निम्म्यावर आलेली असते. तिची हवा भरून घ्यावी, जॅक आणि पाना जागेवर आहे ना हे पाहावे, आणि एकदा तरी सोसायटीच्या आवारात चाक बदलून पाहावे. अलीकडच्या काही गाड्यांना मूळ टायरपेक्षा अरुंद स्टेपनी असते. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, जी बहुधा ताशी ८० किलोमीटर असते, पाळावी लागते. स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच आलेला असेल, तर त्यातील द्रवाची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे.

एवढे करूनही टायर फुटलाच तर? ब्रेकवर पाय दाबण्याची ऊर्मी प्रथम आवरावी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरावे, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा, गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे आणि मग डाव्या कडेला घ्यावे. गाडी थांबल्यावर सर्वांनी डाव्या बाजूने उतरून रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे राहावे. कडेला थांबलेल्या गाडीवर मागून वाहन आदळणे हा या रस्त्यावरचा नेहमीचा अपघात आहे. म्हणून चाक बदलण्याआधी चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि लाल त्रिकोण गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर, किमान ५० मीटर तरी, मांडावा.

घाटाचा चढ : इंजिनाची परीक्षा

खोपोली समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. लोणावळा मात्र सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. रस्ता कोणताही घेतला तरी ही उंची चढावीच लागते. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली आणि रेल्वे आली ती १८६३ साली. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे ठाणे आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची दंतकथा त्याच्याशी जोडलेली आहे आणि आजही चालक तेथे नाणे वाहून पुढे जातात. ज्यांनी फियाट आणि अँबॅसिडरचा काळ पाहिला आहे, त्यांना घाटात बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि पाण्याचे डबे घेऊन धावणारी माणसे आठवत असतील. आजच्या गाड्या त्या मानाने फार सरस आहेत. तरीही मे महिन्यातील दुपार, भरलेली गाडी, सुरू असलेला एसी आणि लाँग वीकेंडची कोंडी एकत्र आली की काटा वर चढल्याचे प्रसंग अजूनही घडतात.

इंजिन जाळत असलेल्या इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. ती उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातील मोठा वाटा कुलंट उचलतो आणि रेडिएटरमध्ये नेऊन हवेला देतो. चढावर इंजिन अधिक इंधन जाळते, गाडीचा वेग मात्र कमी असल्याने समोरून येणारी हवा कमी मिळते. उष्णता वाढली आणि वारा घटला, असा दुहेरी पेच पडतो. तेव्हा सारी भिस्त पंख्यावर आणि कुलंटवर असते.

कुलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यातील ग्लायकोल उकळण्याचा बिंदू वाढवते आणि इतर द्रव्ये आतील धातूंना गंजापासून वाचवतात. त्यातच झाकणामुळे सगळी यंत्रणा दाबाखाली असते, म्हणून आतले द्रव शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कुठे नळी चिरली, झाकणाचे रबर कडक झाले, की दाब सुटतो आणि उकळी फुटते. आपल्याकडे पातळी कमी झाली की बोअरवेलचे किंवा नळाचे पाणी ओतण्याची सवय आहे. अशा पाण्यातील क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचत जातात. शहरात त्याचा त्रास जाणवत नाही; घाटात जाणवतो. पातळी वारंवार कमी होत असेल, तर भरत राहण्यापेक्षा गळती शोधावी. कुलंट किती वर्षांनी बदलायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती मुदत उलटली असेल तर प्रवासाआधीच बदलून घ्यावे.

गॅरेजमध्ये गाडी दिल्यावर मेकॅनिकला नेमके काय सांगायचे, हे माहीत असलेले बरे. रेडिएटर आणि त्याच्या पुढील एसीचा कंडेन्सर यांच्या जाळीत गेल्या पावसाळ्यातील चिखल, किडे आणि धूळ अडकलेली असते. ती हलक्या फवाऱ्याने धुऊन घ्यावी. रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. मऊ झालेल्या किंवा चिरा पडलेल्या नळ्या बदलाव्यात. बेल्ट सैल किंवा भेगाळलेला नसावा. गाडी जागेवर सुरू ठेवून, एसी लावून पंखा वेळेवर फिरू लागतो का, हे स्वतः उभे राहून पाहावे. गाडी तापते म्हणून 'थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकू' असे कोणी सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन अधिक जळते आणि मूळ दोष तसाच राहतो.

चढावर काटा वर जाऊ लागला, तर आधी एसी बंद करावा. मग गाडीतील हीटर पूर्ण वेगाने सुरू करावा. भर उन्हात हे विचित्र वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. दाबाखालील उकळते द्रव झाकण सैल होताच कारंज्यासारखे उडते आणि चेहरा, हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेही टाळावे. धातूला तडा जाऊ शकतो.

घाटातील कोंडीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे क्लच. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवण्याची सवय अनेकांना असते. पाच-दहा मिनिटांतच जळका वास येऊ लागतो. गाडी थांबली की हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करावे आणि पुढचे वाहन बऱ्यापैकी सरकल्यावरच निघावे.

शिरगावचा मुक्काम : उन्हात उभी गाडी

दर्शनाची रांग, जेवण, थोडी विश्रांती. एवढ्या वेळात गाडी मोकळ्या मैदानात उन्हात उभी असते. काचा बंद असलेल्या मोटारीतील तापमान बाहेरच्यापेक्षा अर्ध्या तासात जवळपास वीस अंशांनी वाढते. बाहेर ३८ असेल तर आत पन्नाशी केव्हाच ओलांडलेली असते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून झोपलेले मूल 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गाडीत ठेवून जाणे हा जिवाशी खेळ आहे. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. पाळीव कुत्र्याचेही तेच. सिगारेट लायटर, अत्तराचे आणि डिओडरंटचे दाबाचे डबे, सॅनिटायझर आणि मोबाइलची पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवू नये.

परत आल्यावर गाडीत बसून लगेच एसी पूर्ण वेगाने लावण्यापेक्षा चारही दरवाजे एक-दोन मिनिटे उघडे ठेवावेत. निघाल्यावर पहिले काही अंतर काचा खाली ठेवून आतली तप्त हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मगच एसीचे आतील हवा फिरवणारे बटण दाबावे. एसीचा वारा मंद झाला असेल, तर पुष्कळदा गॅस संपलेला नसतो. केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो. तो काढून पाहायला दहा मिनिटे पुरतात.

बॅटरी हिवाळ्यात दगा देते, असा समज आहे. प्रत्यक्षात तिचे आयुष्य खाते ती उष्णता. आतील रासायनिक झीज उष्णतेने वाढते, जुन्या पद्धतीच्या बॅटरीतील पाणी उडते. तीन-चार वर्षे झालेली बॅटरी प्रवासाआधी तपासून घ्यावी. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर जमला असेल, तर तो साफ करून जोड घट्ट करून घ्यावेत. सकाळी सेल मारताना आवाज जड येत असेल, तर तिने इशारा दिला आहे असे समजावे.

सीएनजीच्या गाड्यांना एक वेगळी तपासणी लागते. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे. त्याची तारीख उलटलेली नाही ना, हे पाहावे; सिलिंडर कंपनीने बसवलेला असो वा बाहेरून. सीएनजीचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल, कुठे वायर जळाल्याचा वास येत असेल, तर तो 'उन्हाने असेल' म्हणून सोडून देऊ नये. बाजारातून जास्तीचे दिवे, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना मूळ वायरी कापून जोडलेल्या असतील, तर त्या जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

परतीचा उतार : ब्रेकची परीक्षा

चढाची सगळ्यांना धास्ती असते, उताराची फारशी नसते. खरे तर भीती बाळगायची ती उताराची. गाडी चढली नाही तर थांबते. उतारावर थांबली नाही तर काय होते, ते सांगायला नको.

थोडा हिशेब मांडू. माणसे आणि सामानासह दीड टन वजनाची गाडी खंडाळ्याहून पायथ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर खाली येते. एवढ्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, ती पंचवीस लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. तिच्यातील काही भाग वाऱ्याच्या आणि रस्त्याच्या विरोधात खर्ची पडतो. उरलेली ऊर्जा कोणी तरी पचवावी लागते. इंजिनाने पचवली नाही तर ती सारी ब्रेकवर येते. चार चाकांजवळच्या त्या लहानशा पॅडना आणि डिस्कना ती दहा-पंधरा मिनिटांत हवेत सोडायची असते.

ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापून त्यांची पकड कमी होते. त्याहून धोकादायक म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत तर अधिकच. नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या त्याच द्रवासाठी किमान अपेक्षित मर्यादा १५५ अंशांची आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. द्रव उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पॅडल तळाला टेकते आणि गाडी मात्र थांबत नाही. शहरात हे द्रव एवढे तापण्याची वेळच येत नाही, म्हणून चार-पाच वर्षांचे जुने ब्रेक ऑइलही शहरात 'चालून जाते'. प्रत्येकाने आपल्या गाडीची बिले काढून एकदा पाहावे : ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले होते? दोन वर्षे उलटली असतील, तर घाटात उतरण्याआधी ते बदलून घ्यावे. खर्च एका हॉटेलातील जेवणाइतकाही नसतो.

घाट उतरण्याचा जुन्या चालकांचा नियम आजही तेवढाच खरा आहे : ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ब्रेक मधूनमधून ठामपणे लावावा आणि सोडावा, म्हणजे त्याला थंड व्हायला सवड मिळते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'डी'मध्ये निवांत उतरू नये. 'एल', 'एस' किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय वापरावी. विजेवर चालणाऱ्या गाडीत मोटारच जनित्रासारखी चालून वीज तयार करते आणि ब्रेकचे काम हलके करते. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज साठवायला जागा राहत नाही आणि ही मदत कमी होते. म्हणून लोणावळ्यात गाडी शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नये.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आजही दिसतात, मोटारींतही आणि ट्रकमध्येही. हा प्रकार जितका धोकादायक, तितकाच निरर्थक आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन जवळपास पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये इंधन वाचत तर नाहीच, उलट इंजिनाची लगाम हातून सुटते. आपण नियम पाळत असलो तरी मागून येणाऱ्या अवजड वाहनाचे ब्रेक शाबूत असतीलच असे नाही. घाटात ट्रकच्या अगदी पुढे किंवा दोन ट्रकच्या मध्ये रेंगाळू नये.

पुणे-पिंपरीकरांना शिरगाव घराजवळच आहे, वाटेत घाट लागत नाही, म्हणून त्यांनी हे पान उलटू नये. त्यांची खरी सहल शिरगावच्या पुढे, कोकणाकडे जाते. बोरघाट असो, ताम्हिणी असो वा वरंधा, पुण्याहून निघालेली गाडी आधी उतरते आणि परतताना, थकलेली असताना, चढते.

गाडीतील माणसे

गाडी कितीही सज्ज केली तरी तिच्यातील माणसांची तयारी बाकी उरते. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा मागच्या आसनावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. ती लवकरच विरली. मागच्या आसनांवर कव्हर घालताना पट्ट्यांची कुलपे खाली दडपली जातात आणि मग आजी-आजोबा, मुले पट्ट्याविना बसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ती कुलपे वर काढून ठेवावीत. लहान मूल मांडीवर घेणे म्हणजे त्याला सुरक्षित धरणे नव्हे. अपघाताच्या धक्क्यात कोणाचेही हात पुरे पडत नाहीत. त्याच्यासाठी वयाप्रमाणे वेगळे आसन हवे.

चालकाने आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. 'पहाटे चारला निघू' असे ठरवून रात्री बारापर्यंत सामान भरणारे घर ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी दोन सेकंदांची लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी पंचावन्न मीटर पुढे गेलेली असते. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे. दुपारच्या जेवणानंतरचा पहिला तास गाडी चालवायला सर्वांत वाईट.

आठ दिवस आधी

ही सगळी तयारी आदल्या रात्री होत नाही. निदान आठ दिवस आधी गाडी मेकॅनिकला दाखवावी, म्हणजे एखादा भाग मागवावा लागला तर वेळ मिळतो. कुलंट, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, बेल्ट, नळ्या, बॅटरी, टायरचे वय, अलाइनमेंट ही कामे तेव्हाच उरकावीत. काम झाल्यावर गाडी शहराबाहेर तीस-चाळीस किलोमीटर चालवून पाहावी. दुरुस्तीत काही राहिले असेल तर ते घराजवळच कळते. दोन दिवस आधी वायपरचे रबर पाहावे. वर्षभर उन्हाने वाळलेले वायपर मावळात अचानक कोसळणाऱ्या वळवाच्या पावसात काच पुसण्याऐवजी रेघोट्या ओढतात. फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसी आणि विम्याची मुदत, प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, लाल त्रिकोण, पिण्याचे पाच-सहा लिटर पाणी यांचीही हीच वेळ. ११२ हा आपत्कालीन मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक गाडीतील प्रत्येकाला पाठ असावा.

निघण्याच्या सकाळी मात्र फक्त पाच मिनिटे लागतात. गाडीभोवती एक फेरी, चारही टायरवर नजर, थंड टायरची हवा, गाडीखाली जमिनीवर कुठला ओघळ पडला आहे का हे पाहणे आणि सर्व दिवे एकदा लावून बघणे.

शिरगावी पोहोचल्यावर मंदिरासमोर गाडी लावून आपण हात जोडतो. घाटात शिंग्रोबाला नाणेही वाहतो. श्रद्धा जिची तिच्या ठायी. पण टायरमध्ये भरलेली योग्य हवा आणि वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल ही घरच्या माणसांप्रती आपली जबाबदारी आहे. ती पार पाडून निघालेल्या गाडीत बसलेल्यांना खिडकीबाहेरचा मावळ अधिक निवांतपणे पाहता येतो.